कोयनेचे दरवाजे उघडले की वीज वाहून जाते का?

तुमचा प्रश्न आधी मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. गाव पाटण तालुक्यात, राहायला घाटकोपरला. ऑगस्टमध्ये गावी गेलात तेव्हा कोयनेचे सहाही वक्र दरवाजे उघडे होते आणि पायथ्याशी तुषारांचा पांढरा ढग उठला होता. मुंबईला परत आलात तर दारात विजेचं बिल. मग तुम्ही विचारलंत : "एवढं पाणी नुसतं नदीत सोडतात, तेच टर्बाइनवर फिरवलं तर वीज स्वस्त नाही का होणार? आणि आता जिकडेतिकडे सोलर आलंय, तर साठ वर्षांच्या या धरणाचं काम तरी काय उरलं?"

मी कोयनेच्याच पोफळीच्या भूमिगत वीजगृहात आठ वर्षं काढली आणि पुढची नोकरी कळव्याला, भार प्रेषण केंद्रात केली, म्हणजे जिथे विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवतात तिथे. आता निवृत्त होऊन मुलुंडला असतो. तुमचा पहिला प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच. लिफ्टमध्ये विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारला होता. तिथे उत्तर देता आलं नाही, इथे देतो.

आधी एक दुरुस्ती. नदीत पाणी सोडायची वेळ आली की पहिल्यांदा पायथ्याचं वीजगृह चालू होतं, दरवाजे नंतर. ‘पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) विसर्ग’ ही ओळ बातमीत दरवर्षी असते आणि आपण ती वाचून पुढे जातो. तिथे २० मेगावॉटचे दोन संच आहेत. त्यांच्या घशाखाली उतरेल तेवढं पाणी त्यांच्यातूनच नदीत जातं. उतरत नाही ते दरवाज्यांतून. म्हणजे ‘नुसतं सोडतात’ हे शंभर टक्के खरं नाही.

पण कोयनेची खरी वीज तिथे होत नाही. ती होते डोंगराच्या दुसऱ्या अंगाला.

तुमच्याच नदीबद्दल तुम्हाला सांगतोय, पण हे एकदा नकाशा समोर धरून बघा. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला धरून साठ-पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेला वाहते. हेळवाकपाशी तिला एकदम आठवतं की आपल्याला पूर्वेला जायचंय. मग काटकोनात वळून ती पाटणवरून कराडला जाते आणि कृष्णेला मिळते. या वळणाच्या अलीकडे धरण आहे. तिथून पश्चिमेचा कडा अगदी जवळ, आणि कडा संपला की थेट कोकण. पूर्वेला नदी रमतगमत उतरते, आणि तिच्या पाठीशी मात्र पावणेपाचशे मीटरची घसरण आयती उभी आहे. धरण बांधणाऱ्यांनी एवढंच केलं : नदीला अडवलं, तिचं तोंड फिरवलं आणि तिला पाठीमागच्या बाजूने उतरायला लावलं. धरणामागच्या शिवसागर जलाशयाचं पाणी तीन-चार किलोमीटरच्या बोगद्यातून कड्यापर्यंत येतं, तिथून डोंगराच्या पोटातल्या तिरक्या पोलादी नळांतून खाली पोफळीला.

पोफळीत पहिल्यांदा गेलो तो मे महिना होता. बाहेर चटका बसेल असं ऊन, आणि गाडी बोगद्यात शिरली तशी हवा गार आणि दमट. आवाज आधी कानाला जाणवला नाही, पायाच्या तळव्यांना जाणवला. खाली पेल्टन चाक असतं. त्याच्या कडेला जोडवाट्या बसवलेल्या, म्हणजे दोन पळ्या एकमेकींना चिकटवाव्यात तशा, मधे एक धारदार कड. नोझलमधून पाणी सुटतं ते ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात, आणि बरोबर त्या कडेवर आदळतं. आदळतं, दोन्हीकडे फाटतं, वाटीची वळणं घेऊन मागे फिरतं आणि खाली गळून पडतं. वर साडेतीनशेने आलेलं पाणी खाली पडताना गच्चीवरच्या पन्हाळीतून पडल्यासारखं मवाळ असतं. सगळा जोर चाकाने काढून घेतलेला असतो. आमचे एक जुने फोरमन म्हणायचे, "साहेब, रस काढलेला ऊस बघून घ्या."

आता हिशेब. तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असेल. ती टाकी पोफळीच्या उंचीवरून सोडली तर साधारण सव्वा युनिटच्या आत, नेमकं सांगायचं तर १.१ युनिटच्या आसपास वीज मिळते. तीच टाकी सात मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली सोडली, तर युनिटचा विसावा भागही धड मिळत नाही. पाणी तेच, टाकी तीच. पैसे उंचीचे आहेत. धरणाच्या पायथ्याशी पाण्याला उंची मिळते ती पन्नास-साठ मीटरची. पश्चिमेला मिळते पावणेपाचशेची. वर पोफळीतून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या छोट्या धरणात अडवून अलोऱ्याला पुन्हा एकदा टर्बाइनवर घेतात. असे दोन्ही टप्पे धरले तर एक टीएमसी, म्हणजे अब्जभर घनफूट पाणी, पश्चिमेला साधारण ४ कोटी युनिट देऊन जातं. पूर्वेला पायथ्याशी तेच पाणी ४० लाखांच्या आसपास. दहास एक.

"मग पुराचं पाणीही पश्चिमेलाच वळवा की!" हे तुमचं पुढचं वाक्य मला इथून ऐकू येतंय.

कोयनेच्या चार टप्प्यांची आणि पायथ्याची मिळून क्षमता १९६० मेगावॉट आहे. त्यातले थेट जलाशयातून पश्चिमेला पाणी ओढणारे म्हणजे पोफळीचे पहिले दोन टप्पे ६०० मेगावॉटचे आणि चौथा टप्पा १००० मेगावॉटचा. (तिसरा, ३२० मेगावॉटचा, त्यांचंच उष्टं पाणी वापरतो.) हे १६०० मेगावॉट पूर्ण जोराने चालवले तर पाणी लागतं तेरा हजार क्युसेकच्या आसपास. दिवसभर चालवले तर एक टीएमसीपेक्षा थोडं जास्त.

आता आभाळाकडे बघा. धरणाच्या वरचं पाणलोट क्षेत्र आहे जवळपास ८९२ चौरस किलोमीटर, तेही नवजा, महाबळेश्वर, कोयनानगर अशा ठिकाणांचं, जिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस ही काही बातमी नाही. या क्षेत्रावर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला आणि सगळा वाहून आला तर तीन टीएमसी होतो. ३०० मिलिमीटर पडला, आणि आमच्याकडे पडतो, तर नऊ टीएमसी. टर्बाइन दिवसाला एक पिणार, आणि ताटात नऊ. ऑगस्टमध्ये तुम्ही जे दरवाज्यांतून जाताना पाहिलंत ते हे उरलेलं आठ. ते पश्चिमेच्या बोगद्यात मावण्यासारखं नव्हतंच. म्हणून मी म्हणतो, तिथे पाणी वाहून जातं, वीज नाही.

मग आणखी टर्बाइन बसवायची? बसवता येतील. वर्षातले दहा-बारा दिवस पूर्ण चालतील आणि उरलेले साडेतीनशे दिवस गंज खात बसतील. लग्नाच्या पंगतीपुरती भांडी भाड्याने आणतात, विकत घेत नाहीत. बोगदे भाड्याने मिळत नाहीत.

पण खरं कारण हेही नाही. खरं कारण कागदावर आहे, आणि ते मुंबईत फार थोड्यांना माहीत असतं. कोयनेचं पाणी निसर्गतः कृष्णेचं. ते पश्चिमेला वळवलं म्हणजे खोऱ्याबाहेर गेलं. सांगलीला, पुढे कर्नाटकाला, आंध्राला ते पुन्हा कधी दिसणार नाही. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादाने, ज्याला आपण बच्छावत लवाद म्हणतो, कोयनेतून पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर मर्यादा घातली : वर्षाला ६७.५ टीएमसी. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी, पण विजेच्या ताटात ६७.५. पाण्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं. पुराचं पाणी असो की उन्हाळ्यातलं, बोगद्यातून गेलं की खात्यावर मांडलं जातं.

आता भागाकार करा. दिवसाला १.१५ टीएमसी खाणारी यंत्रणा, आणि वर्षाचा शिधा ६७.५. पूर्ण जोराने चालवली तर साठेक दिवसांत शिधा संपला. जुलैत सुरू केली तर गौरी-गणपतीपर्यंत वर्षाचं खातं कोरडं! किंवा दुसऱ्या बाजूने मांडा : हाच शिधा वर्षभर सारखा वाटला तर कोयना रोज जेमतेम पावणेचार तास पूर्ण ताकदीने चालू शकते.

पावणेचार तास. कोयनेबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते सगळं या आकड्यात आहे. बाहेरून बघणाऱ्याला धरण म्हणजे पाणी दिसतं. आम्ही आत बसणाऱ्यांनी त्याकडे तास म्हणूनच पाहिलं. हे तास दिवसातल्या कुठल्या वेळेला खर्च करायचे, एवढाच प्रश्न. आणि ऑगस्टमध्ये, जेव्हा शेतीपंप बंद असतात, हवा गार असते, एसी बंद असतात, विजेला गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा हे तास उधळणं म्हणजे दिवाळीची साखर आषाढातच संपवणं.

हे मला कोणी वर्गात शिकवलं नाही. कळव्याला नवा होतो तेव्हाची गोष्ट आहे. रात्रपाळी. औष्णिक केंद्रातला एक संच येणार-येणार म्हणून लांबत होता. मी पोफळीचं एक ७० मेगावॉटचं मशीन ‘असू दे हाताशी’ म्हणून रात्री अकरापासून पहाटे पाचपर्यंत चालूच ठेवलं. कोणाचं काही बिघडलं नाही. ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं सगळं जाळं, शांत होतं, मी दोनदा चहा प्यायलो. सकाळी आमचे वरिष्ठ आले, लॉगबुक चाळलं, खिशातून कॅल्क्युलेटर काढला आणि काही न बोलता माझ्या नोंदीसमोर समासात पेन्सिलीने लिहिलं : ‘३६,००० टँकर.’

मला कळेना. म्हणाले, "सहा तास, चार लाख वीस हजार युनिट. त्याला पाणी किती लागलं? दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर छत्तीस हजारांवर. झोपलेल्या महाराष्ट्राला तू रात्रभर छत्तीस हजार टँकर पाजलेस. मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता मला यातले अर्धे परत आणून दे." त्यानंतर मी रात्री कधी उगाच पोफळीचं मशीन चालू ठेवलं नाही. तो पेन्सिलीचा आकडा खोडायचं धाडसही कधी झालं नाही.

संध्याकाळी सातलाच का, हे आता सांगतो, कारण तुमच्या सोलरच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

वीज साठवून ठेवता येत नाही, म्हणजे मोठ्या प्रमाणात सहजासहजी येत नाही. तुम्ही घाटकोपरला मिक्सर लावला त्या क्षणी कुठेतरी तेवढी वीज जास्त तयार व्हावी लागते. ती झाली नाही तर सगळ्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे, खाली सरकते. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर मोठा आकडा असायचा, ५०.०० च्या आसपास हलणारा. आज तो ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायचा नियम आहे. भारनियमनाच्या काळात आम्ही तो ४९ च्या खाली रेंगाळताना पाहिलाय, पोटात गोळा येत असे. समजा चंद्रपूरचा ५०० मेगावॉटचा एक संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला. आकडा घसरायला लागतो. दुसरा कोळशाचा संच थंड अवस्थेतून उभा करायचा तर तासन् तास जातात; बॉयलर तापायला हवा, वाफ व्हायला हवी. अशा वेळी हात फक्त एका फोनकडे जायचा : "पोफळी, दोन मशीन घ्या." पलीकडून "घेतो साहेब." आणि पाच-सात मिनिटांत बंद पडलेलं चाक फिरून, ग्रिडशी जुळून, पूर्ण लोडवर. नोझल उघडायचा, एवढंच. महाराष्ट्राची मागणी आज पंचवीस हजार मेगावॉटच्या वर जाते. त्यात कोयनेचे १९६० म्हणजे डाळीत मीठ. पण मिठाशिवाय डाळ खाऊन बघा.

५ एप्रिल २०२० ची रात्र आठवते? लॉकडाउन होता, रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद करून गॅलरीत पणत्या लावायच्या होत्या. आमच्या सोसायटीत लोक थाळ्याही वाजवत होते, ते आधीच्या वेळचं होतं हे कोणी लक्षात घेतलं नाही. मी मात्र घड्याळाकडे बघत बसलो होतो. देशाची मागणी काही मिनिटांत तब्बल ३१,००० मेगावॉटने खाली आली आणि लगेच वर गेली. कोळशाच्या केंद्राला असा जिना उतरता-चढता येत नाही. तो भार मुख्यत्वे जलविद्युत केंद्रांनी उचलला : नऊच्या आधी त्यांना मुद्दाम वर चढवून ठेवलं होतं, दिवे गेले तसं खाली आणलं, दिवे आले तसं पुन्हा वर. देशभरच्या धरणांच्या नोझलवर त्या रात्री जे हात होते, त्यांच्यासाठी मी एक पणती जास्त लावली.

त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, लोक रुळांवरून चालत होते, तुम्हीही कदाचित त्यांच्यात असाल. तेव्हा अनेकांनी विचारलं, "बटण दाबून परत चालू का करत नाहीत?" कारण औष्णिक केंद्राला स्वतः सुरू व्हायलाच वीज लागते, पंप, पंखे, कोळशाच्या चक्क्या. अंधारात ते आंधळं असतं. जलविद्युत केंद्राला गव्हर्नरच्या (चाकाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या) तेलापुरता दाब आणि जनरेटरचे चुंबक जागे करण्यापुरती थोडी वीज मिळाली की पुरे, एक डिझेल जनरेटर तेवढं काम करतो. बाकी पाणी वरून यायला तयारच असतं. याला आमच्यात ब्लॅक स्टार्ट म्हणतात. त्या दिवशी शहर पुन्हा उभं करताना ट्रॉम्बेच्या वीज केंद्राबरोबर टाटांच्या तीन जलविद्युत केंद्रांचाही हात होता : खोपोली, भिवपुरी, भिरा. त्यातलं खोपोली १९१५ चं. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी लोणावळ्याचं पाणी घाटाखाली सोडून पहिली वीज काढली ती तिथे. शंभर वर्षांपलीकडची युक्ती, कोयनेचीच, किंबहुना कोयनेची तिथूनच उचललेली.

आता सोलर. सोलर चांगलं आहे, मी स्वतः सोसायटीच्या गच्चीवर बसवायला लावलं. पण सूर्य मावळतो तो नेमका तेव्हा, जेव्हा तुम्ही ऑफिसातून येऊन दिवा, पंखा, टीव्ही, इंडक्शन एकदम लावता. दुपारी दोनला हजारो मेगावॉट देणारे पॅनेल सातला शून्य. तो खड्डा तासा-दीड तासात भरावा लागतो. भरणार कोण? म्हणजे सोलर जितकं वाढेल तितके कोयनेचे ते पावणेचार तास महाग होत जातील. काम उरलं नाही असं नाही, काम आत्ता कुठे नीट कळायला लागलंय. म्हणून तर घाटघरसारखे उदंचन प्रकल्प : वीज स्वस्त असेल तेव्हा पाणी पंपाने वर चढवायचं, महाग असेल तेव्हा खाली सोडायचं. घाटघरचे २५० मेगावॉट आणि भिऱ्याचे १५० अशाच पद्धतीने चालतात. त्यात वीज निर्माण होत नाही, उलट थोडी खर्ची पडते; पण वेळ विकत मिळते.

चौथ्या टप्प्याबद्दल एक जाता जाता. त्यासाठी जलाशय रिकामा न करता, पाण्याखाली, तळातून बोगदा जोडायचा होता. बोगदा आतून तळाच्या खडकापर्यंत आणला, शेवटचा खडक शिल्लक ठेवला, आणि १३ मार्च १९९९ ला तो सुरुंगाने उडवला. लेक टॅपिंग. २०१२ मध्ये पुन्हा एकदा केलं, जलाशयाची पातळी खाली गेली तरी पाणी उचलता यावं म्हणून. पहिल्या वेळी मी तिथे नव्हतो, ड्यूटीवर होतो, ही खंत अजून आहे.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन्हीकडच्या लोकांचं सांगायलाच हवं, नाहीतर उत्तर एकांगी होईल. दरवाजे किती आणि कधी उघडायचे हे वीज ठरवत नाही, पूर ठरवतो. ऑगस्टच्या मध्यालाच धरण काठोकाठ भरून ठेवलं आणि मग ढगफुटी झाली, तर जेवढं आत येईल तेवढं बाहेर सोडण्यावाचून इलाज राहत नाही. म्हणून तारखेनुसार पातळी ठरलेली असते, आणि कधी कधी धरण पूर्ण भरलेलं नसतानाच दरवाजे उचलतात. गावात लोक म्हणतात, "अजून भरलं नाही आणि सोडायला लागले!" सांगलीकराला विचारा. तो कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटात सांगतो, ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. त्याच्यासाठी कोयनेतली मोकळी जागा हीच त्याची भिंत आहे. आणि पश्चिमेला चिपळूण. तिथे वीजगृहाचं पाणी वाशिष्ठीला मिळतं. घाटावर धो-धो पाऊस, वाशिष्ठी दुथडी, त्यात दाभोळच्या खाडीला भरती. अशा वेळी वीजगृहातून किती पाणी सोडायचं हा प्रश्न मेगावॉटचा राहत नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर तर तिथल्या कोणाही माणसाला कोळकेवाडीचं नाव घेतलं की तो उठून उभा राहतो. पुराच्या पाण्यावर सगळी मशीनं गरागरा फिरवा म्हणणं सोपं आहे. ते पाणी खाली कोणाच्या तरी दुकानात शिरतं.

पाटणचे आहात म्हणून भूकंपाबद्दल दोन वाक्यं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जो झाला, त्यात कोयनानगर परिसरात सुमारे १८० माणसं गेली, धरणाच्या उंच भागात भेगा पडल्या, आणि कोयनेची वीज थांबल्याचा फटका मुंबईच्या कारखान्यांना बसला. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत जगभर आजही कोयनेचं नाव पहिल्या ओळीत घेतात. भेगा भरून, मागच्या अंगाला जाड काँक्रीटचे टेकू देऊन धरण मजबूत केलं गेलं. पुढच्या वेळी धरणाकडे खालून बघाल तेव्हा मधला सांडवा सोडून दोन्ही बाजूंना भिंत जाड झालेली दिसेल. ती त्या पहाटेची खूण आहे.

आणि हो, बिल. तुमच्याकडे घाटकोपरला अदानीचं येतं, दादरला बेस्टचं, माझ्याकडे मुलुंडला महावितरणचं. पण ग्रिडमध्ये वीज एका डेगीत जाते, कुठल्या कपात कुठला चहा आला हे कोणी सांगू शकत नाही. बिलात जो दर असतो तो कोळसा, वाहतूक, तारा, जुनी कर्जं अशा सगळ्यांची सरासरी असतो. कोयनेची वीज स्वस्त आहे हे खरं, पण वर्षाला पावणेतीनशे कोटी युनिटच्या आसपास देणारं धरण एवढ्या मोठ्या राज्याचं बिल खाली ओढू शकत नाही. आमच्या शेजारच्या जोशीकाकूंना हे पटत नाही. त्या म्हणतात, तुम्ही एवढी वर्षं तिथे होतात, तुम्हाला तरी सवलत द्यायला हवी होती.

पुढच्या मे महिन्यात गावी जाल तेव्हा पुण्यावरून जाऊ नका, चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने जा. बहादूरशेख नाक्याला पुलावर दोन मिनिटं गाडी थांबवा. कोकणातल्या बाकीच्या नद्या तेव्हा खडक दाखवत पडलेल्या असतात, वाशिष्ठीला मात्र पाणी असतं. आदल्या संध्याकाळी मुंबईत आणि आणखी कुठे कुठे दिवे लागले, त्याचं ते पाणी. मग घाट चढायला लागा. पायथ्याशी पोफळीचा फाटा लागेल. आत सोडणार नाहीत, पण तिथून वर कड्याकडे बघा.